पाना हाती घेण्याआधी जमिनीवरून उठता आलं पाहिजे

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका ६४ वर्षांच्या आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्या असून घरी एकट्याच असतात. रोज सकाळी ४० मिनिटं चालतात आणि एवढा व्यायाम पुरेसा आहे असं त्यांना वाटतं. मध्यंतरी बेसिनखालून पाणी गळू लागलं. प्लंबर दोन-तीनदा सांगूनही येईना, म्हणून त्यांनी स्वतःच खाली बसून बॉटल ट्रॅप (बेसिनखालच्या पाइपावरचा बाटलीसारखा भाग) उघडायचा प्रयत्न केला. तो फिरला नाही, मनगट मात्र दुखावलं. उठायला गेल्या तर उठता येईना. शेवटी बेसिनची कड दोन्ही हातांनी धरून कशाबशा उभ्या राहिल्या. मुलांचं म्हणणं, "आई, पैसे दिले की माणूस येतो, तू या वयात हे उद्योग कशाला करतेस?" त्या विचारतात : घरातली बारीकसारीक दुरुस्ती शिकायची फार इच्छा आहे. त्यामुळे शरीरही हलतं राहील आणि वेगळा व्यायाम करावा लागणार नाही. की मुलांचंच बरोबर आहे? शिकायचं वय निघून गेलं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. ट्रॅप उघडला नाही ही एक, आणि जमिनीवरून उठता आलं नाही ही दुसरी. दोन्हींचं खापर तुम्ही वयावर फोडलं आहे. पहिल्या अडचणीशी वयाचा फारसा संबंध नाही, तिथे माहिती आणि हत्यार कमी पडलं. दुसरीशी आहे. पण तुम्ही बेसिनखाली गेला नसतात तरी ती होतीच, फक्त कळली नसती. आणि ती कळणं फार गरजेचं होतं. एकट्या राहणाऱ्या माणसाचा पाय घसरला आणि उठता आलं नाही तर मार लहान असूनही तासन् तास तसंच पडून राहावं लागतं.

म्हणून दुरुस्तीआधी शरीराबद्दल बोलू.

रोज ४० मिनिटं चालणं उत्तम आहे, ते सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि चालण्यातून तुमची तेवढी होते. पण त्याच सूचनांत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या चालणारी बहुतेक माणसं करत नाहीत : आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आणि ३ किंवा जास्त दिवस तोल सांभाळण्यावर भर देणारे व्यायाम. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा थोडासाच वाकतो. जमिनीवरून उठताना तो पूर्ण वाकलेल्या अवस्थेतून सगळं वजन उचलून सरळ व्हावा लागतो. ते काम मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंचं आहे, आणि चालण्यातून त्यांना त्याची सवय होत नाही. शिवाय वय वाढतं तसे झटकन जोर लावणारे स्नायुतंतू आधी कमी होतात. ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून सावरायला नेमके तेच लागतात.

दुरुस्तीची कामं केली की वेगळा व्यायाम नको, ही तुमची दुसरी समजूतही तपासून पाहायला हवी. दुरुस्तीत शरीर बराच वेळ एकाच अवघडलेल्या अवस्थेत थांबतं आणि मग अचानक जोर लावतं. त्यातून ताकद पद्धतशीर वाढत नाही, असलेली ताकद खर्च होते. आधी ताकद कमवायची आणि मग ती बेसिनखाली वापरायची, हाच क्रम योग्य आहे. ताकद या वयात वाढते का, अशी शंका असेल तर एक दाखला देते. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या अशक्त माणसांकडून ८ आठवडे वजनांचे व्यायाम करून घेतले होते, आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. तुम्ही तर ६४ च्या आहात.

आज घरीच एक चाचणी करून बघा. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या स्त्रियांसाठी १२ पेक्षा कमी आकडा आला तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी आहे असं धरतात. हात टेकावे लागले तर आकडा शून्य. शून्य आला म्हणून खचू नका, सुरुवात कुठून करायची ते कळलं. दुसरी चाचणी तोलाची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहायचं. ही भिंतीच्या कोपऱ्यात करा, म्हणजे दोन्ही बाजूंना आधार असेल.

व्यायामही खुर्चीवरूनच सुरू करा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, छाती पुढे झुकवा, श्वास सोडत उठा आणि बसताना मनात चारपर्यंत मोजत सावकाश बसा. खरं काम त्या बसण्यात होतं, म्हणून धपकन बसू नका. ८ ते १० वेळा केलं की मिनिट-दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच. एक दिवसाआड, आठवड्यातून ३ दिवस. जड वाटलं तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, आणि सोपं झालं की उशी काढा. हे हात न टेकता सहज जमू लागलं की पुढची पायरी म्हणजे एका गुडघ्यावर टेकून उठणं. साधारण ३० सेंटिमीटर उंचीचा घट्ट उशांचा थर जमिनीवर ठेवा, शेजारी न सरकणारी जड खुर्ची ठेवा, खुर्चीवर हात ठेवून एक गुडघा उशांवर टेकवा आणि पुढच्या पावलावर भार देऊन उठा. दोन्ही बाजूंनी ५-५ वेळा. दर एक-दोन आठवड्यांनी एक उशी कमी करत न्या. शेवटी सतरंजीवर गुडघा टेकतो आणि तुम्ही जमिनीवरून उठायला शिकलेल्या असता. पहिले काही दिवस घरात कोणी असताना करा.

उताणं पडलेल्या अवस्थेतून उठण्याची रीतही शिकून ठेवा. आधी कुशीवर वळायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, ताकदीच्या पायाचं पाऊल पुढे टेकवायचं आणि जोर लावून उठून तसंच खुर्चीवर बसायचं. लगेच सरळ उभं राहू नका. बराच वेळ खाली बसून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. मिनिटभर बसा, मग उभ्या राहा.

व्यायामानंतर मांड्या एक-दोन दिवस ठणकल्या तर काळजी नाही. गुडघा सुजला किंवा सांधा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिला तर मात्र उंची वाढवा, वेळा कमी करा, आणि तरी तसंच राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. सांधा बदललेला असेल, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल किंवा श्रम केल्यावर छातीत दडपत असेल, तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करायची.

उठताना तुम्ही बेसिनची कड धरलीत, ते पुन्हा कधीच करू नका. भिंतीवरचं बेसिन दोन बोल्टवर किंवा ब्रॅकेटवर टांगलेलं असतं. ते पाण्याचं आणि स्वतःचं वजन पेलण्यासाठी असतं, माणसाचं वजन पुढे आणि खाली खेचलं जाण्यासाठी नाही. बोल्ट उखडला तर जड चिनी माती अंगावर पडते आणि फुटलेल्या कडा सुरीसारख्या कापतात. नळ आणि टॉवेलचा दांडा यांचंही तेच. आता त्या बेसिनखाली हात घालण्यापूर्वी ते हलतं का, भिंतीपासून फट पडली आहे का, ते पाहून घ्या.

आता न उघडलेल्या ट्रॅपकडे वळू. बॉटल ट्रॅपचा खालचा कप खालून वर पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की सुटतो. पण आपण वरून वाकून बघत असतो, त्यामुळे दिशा उलटी भासते आणि माणूस सगळी ताकद लावून तो आवळत बसतो. तुमच्याकडूनही बहुधा हेच झालं असावं. कप रबरी हातमोज्याने किंवा ओल्या रबरी कापडाने धरा, पकड घट्ट बसते. प्लास्टिकच्या कपाला दातेरी पाना लावू नका, त्याने कप चेपतो आणि आटे मोडतात.

कामाला लागण्यापूर्वी गळती नेमकी कुठे आहे ते शोधा. सगळे सांधे कोरडे पुसा, बेसिनमध्ये पाणी सोडा आणि टिश्यू पेपरचा तुकडा वरून खाली एकेका सांध्याला लावत या. जो सर्वांत वरचा सांधा ओला, गळती तिथे. पाणी पाइपावरून ओघळून सर्वांत खालच्या टोकाशी ठिबकतं, म्हणून लोक नेहमी खालच्या कपाला दोष देतात. कपच गळत असेल तर खाली बादली ठेवा. ट्रॅपमध्ये पाणी असतंच, गटाराची दुर्गंधी तेच अडवतं. कप सोडवा, गाळ काढा, रबरी रिंग बाहेर काढून पाहा. ती चपटी झाली असेल, तडकली असेल किंवा कडक झाली असेल तर नमुना म्हणून सोबत नेऊन तशीच नवी आणा. रिंगेची बैठक पुसून घ्या, कारण वाळूचा एक कणही गळतीला पुरतो. कप हाताने जितका घट्ट होतो तितकाच करा. वरच्या नटांमध्ये निमुळती रिंग असेल तर निमुळती बाजू नटाकडे न ठेवता सांध्याच्या आत जाईल अशी बसवा. या सांध्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग होत नाही, तिथे पाणी रिंग अडवते, आटे नाही. शेवटी बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि पुन्हा टिश्यू लावून बघा. नुसती धार सोडून पाहिलं तर बारीक गळती लपून राहते.

या ट्रॅपमध्ये आधी कोणी नाली साफ करण्याचं रसायन ओतलं असेल तर तो उघडूच नका. आत साचलेलं द्रव कातडी आणि डोळे जाळतं.

बसायचं कसं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. उकिडवं बसू नका. घडी केलेल्या जाड चटईवर एक गुडघा टेका, दुसरं पाऊल जमिनीवर ठेवा आणि मघाची जड खुर्ची हाताशी ठेवा. कपाळावर बांधायचा टॉर्च घ्या. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि साठीनंतर डोळ्यांना तरुणपणापेक्षा बराच जास्त उजेड लागतो. ५ ते १० मिनिटांनी उठून दोन पावलं चाला, काम अर्धवट असलं तरी. मोबाइल खिशातच ठेवा. टेबलावरचा फोन जमिनीवर पडलेल्या माणसाच्या काही कामाचा नसतो.

मनगट दुखावलं त्याचं कारण आखूड हत्यार किंवा नुसत्या मनगटाचा जोर असावं. १५ सेंटिमीटरच्या पान्याला जितकी ताकद लागते, त्याच्या निम्मी ३० सेंटिमीटरच्या पान्याला लागते. धातूचा अडकलेला नट असेल तर गंज सोडवणारं तेल टाकून १५-२० मिनिटं थांबा. सरकत्या जबड्याचा पाना वापरताना जोर स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने फिरवा, नाहीतर तो निसटतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. पाना स्वतःकडे ओढणं बोटांसाठी सुरक्षित असतं, कारण निसटला तरी बोटं भिंतीवर आपटत नाहीत. पण मग तोल मागे जातो. म्हणून उभ्याने ओढताना एक पाऊल मागे ठेवा. जोर लावताना श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. पकडीसाठी ओला टॉवेल दोन्ही दिशांना ५-५ वेळा पिळणं हा साधा व्यायाम पुरेसा आहे, मात्र आधी मनगटाचं दुखणं पूर्ण थांबू द्या.

शिकायच्या कामांचा क्रम लावताना काम अवघड की सोपं हे न बघता ते शरीराच्या कोणत्या अवस्थेत करावं लागतं ते बघा. याच एका निकषाने या वयातली बहुतेक जोखीम टळते. टेबलाशी बसून होणारी कामं आधी घ्या. नळाच्या तोंडाची जाळी काढून अर्धा-एक तास व्हिनेगरमध्ये भिजवणं आणि जुन्या ब्रशने क्षार काढणं, खणाच्या मुठी आवळणं, शॉवरचं तोंड कोणाकडून तरी काढून घेऊन टेबलावर साफ करणं, ही त्यातलीच. मग सरळ उभं राहून, खांदा आणि कमरेच्या मधल्या उंचीवर होणारी कामं. जमिनीवरची कामं गुडघ्यावर टेकून उठणं जमल्यावर.

उभ्याने शिकायचं पहिलं काम म्हणजे ठिबकणारा नळ. मूठ दोन-तीन फेरे फिरत असेल तर आत वायसर आहे. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यातच नळ उघडत असेल तर आत सिरॅमिक चकत्या आहेत, तिथे वायसर नसतो आणि आतला पूर्ण भागच बदलावा लागतो. वायसरच्या नळाचं पाणी मागच्या कॉकने बंद करा, नळ उघडून पाइप रिकामा करा आणि बेसिनच्या जाळीवर कापड अंथरा, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट ट्रॅपमध्ये जाईल. मुठीवरची टोपी आणि स्क्रू काढून मूठ उचला. खालचा मोठा नट पान्याने सोडवताना नळाचं अंग दुसऱ्या हाताने घट्ट धरा, कारण ते सोबत फिरलं तर भिंतीतला सांधा सैल होतो. जुना वायसर काढून त्याच मापाचा बसवा. नवा वायसर घालूनही ठिबकत असेल तर तो ज्या कडेवर बसतो ती कड खरवडली गेली आहे. ती घासायला वेगळं हत्यार लागतं, ते काम प्लंबरचं. नळ जोरजोरात आवळून ठिबक थांबवायला गेलात तर वायसर आणखी कापला जातो.

दाराच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील तर भोकात लाकडाचा गोंद लावलेल्या काड्या ठोकून, रात्रभर वाळवून, पुन्हा तेच स्क्रू बसवा. त्याआधी दाराखाली पाचर मारून त्याचं वजन उचललेलं ठेवा.

फ्लशची टाकी आतून गळते का, हे तर बसल्या जागी कळतं. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि १५-२० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचं रबर बदलायला झालं आहे.

या सगळ्याच्याही आधी पाणी आणि वीज कुठून बंद होते ते शिका. घराचा मुख्य कॉक, प्रत्येक बेसिनखालचा कॉक आणि विजेचा मेन स्विच कुठे आहे ते पाहून चिठ्ठ्या लावा. कॉक वर्षानुवर्षं हलवला नाही तर जाम होतो, म्हणून दर सहा महिन्यांनी एकदा बंद करून पुन्हा उघडा. चाकाचा कॉक पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे आणून ठेवा. आधीच जाम झालेला जुना कॉक मात्र जोराने फिरवू नका. दांडी तुटली तर पाणी थांबवता येत नाही.

मुलांच्या म्हणण्यात एक गृहीत आहे : दुरुस्ती शिकायची ती पैसे वाचवायला. पैसे दिले की माणूस येतो, हे खरं. पण पाइप फुटल्यावर पहिली दहा मिनिटं घरात तुम्हीच असता. आणि तो माणूस आल्यावर काय बिघडलं आहे ते तुम्हाला कळत असेल तर तुम्ही काम नीट सांगू शकता आणि झालेलं काम तपासूही शकता. मुलांची भीती चुकीची नाही, ती फक्त सगळ्याच कामांवर पसरली आहे. तिला योग्य जागा द्या.

ती जागा म्हणजे पुढची कामं, आणि ती करायला नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्याच्या वरची कोणतीही दुरुस्ती नको. मान मागे टाकून वर पाहिल्यावर अनेकांना गरगरतं, आणि ते स्टुलावर झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. वरखाली दोन नंबरांचा चष्मा असेल तर आणखी वाईट, कारण खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते. स्विच किंवा प्लगच्या आतलं विजेचं काम नको. वजन उचलून वळायची कामं नकोत. १० लिटरची भरलेली बादली म्हणजे १० किलोच, म्हणून पाणी दोन अर्ध्या बादल्यांत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला, तर काहीच दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जायचं, कारण आतला रक्तस्राव काही तासांनीही दिसू शकतो.

ही कामं एका कागदावर लिहून मुलांकडे द्या आणि सांगा, या कागदावरच्या कामांसाठी माणूस तुम्ही बोलवायचा, बाकीची मी करीन. पुढच्या वेळी मुलं घरी आली की त्यांच्यासमोर खुर्चीची ३० सेकंदांची चाचणी करा, आणि नंतर गुडघ्यावर टेकून उठण्याचा सराव त्यांनाच शेजारी उभं करून सुरू करा.